बायकोला सांगायला अकरा वर्षं लागली

हे लिहिण्याआधी बायकोला विचारलं. "नाव-गाव नको आणि माझ्या वाटचं काही नको," एवढ्या दोन अटींवर ती हो म्हणाली. मग मसुदा वाचून तिने त्यातले दोन परिच्छेद उडवले. ते गेले हे बरंच झालं.

तर गोष्ट अशी, की मला हात बांधून घ्यायला आवडतं. म्हणजे आवडेल, असं विशीपासून वाटत होतं. घडलं कधीच नव्हतं. विश्वासाच्या माणसाने आपले हात बांधले, आता आपण काही करायचं नाही, काही ठरवायचं नाही, या कल्पनेत मला जे सुटल्यासारखं वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही. हे कुठून आलं ते ठाऊक नाही. बरंच खणून पाहिलं, हाती काही लागलं नाही, मग खणणं सोडून दिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. माझा कुठला दात दुखतो हे बायकोला माझ्याआधी कळतं, पण हे तिला माहीत नव्हतं.

पहिली अडचण शब्दाची. वेगळ्या लैंगिक आवडीला इंग्रजीत 'किंक' म्हणतात. तसं म्हणावं तर तो शब्द घरात उच्चारला की कुणीतरी दुसराच बोलतोय असं वाटतं. मराठीत तयार मिळते ती 'विकृती'. स्वतःबद्दल बोलायला सुरुवात करायची आणि पहिलाच शब्द असा, की समोरच्याने दार लावून घ्यावं. त्यात मी पुरुष. हुकूम सोडणारा पुरुष लोकांच्या ओळखीचा असतो. 'मला बांध' म्हणणाऱ्यावर विनोद होतात. तसल्या विनोदांना मीही हसलो आहे, जरा जास्तच मोठ्याने.

पहिल्यांदा सांगितलं ते अगदी चुकीच्या वेळी. रात्री, अंधारात, जवळ आलो असताना. वाटलं होतं, चेहरा दिसणार नाही तर सोपं जाईल. म्हणालो, "कधीतरी माझे हात बांधशील?" ती थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे आतापर्यंत तुला मजा येतच नव्हती?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. खरं उत्तर होतं, "येत होती, आणि हेही हवंय." पण मी घाबरलो आणि म्हणालो, "अगं, गंमत केली." त्या रात्रीत सगळ्यात वाईट काय होतं तर हे. एक तर ती दुखावली, आणि वर मी खोटं बोललो, जे तिला लगेच कळलं. पुढचे तीन आठवडे आम्ही एकमेकांशी इतके नीट वागलो की घरात पाहुणे राहायला आल्यासारखं वाटत होतं.

आता कळतं, चूक कुठे होती. अशा वेळी माणूस आधीच उघडा असतो. तेव्हा विचारलेल्या प्रश्नाला विचार करायला जागाच नसते. हो म्हण, नाहीतर मोडता घाल, एवढेच दोन पर्याय मी तिला दिले होते. मला वाटलं मी मन मोकळं करतोय. तिला ऐकू आली ती मागणी, आणि मागणीच्या पोटात तक्रार.

मग मी एकटाच एका समुपदेशकाकडे गेलो. दोन भेटी, फार नाही. तिथे मला एक गोष्ट मिळाली जिने छातीवरचं ओझं उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात परस्परसंमतीने केलेल्या अशा गोष्टी आजार म्हणून उरलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या यादीनेही वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला आहे. त्या आवडीचा स्वतःला मोठा त्रास होत असेल, कुणाला इजा होत असेल किंवा कुणाची संमती डावलली जात असेल, तर विकार. मी त्यांना विचारलं, "त्रास तर मला होतोय ना?" ते म्हणाले, "आवडीचा होतोय की लपवण्याचा?"

तेव्हाच वाचनात आलं की 'मॅसोकिझम' (वेदनेतून किंवा दुसऱ्याच्या ताब्यात असण्यातून सुख मिळणं) हा शब्द क्राफ्ट-एबिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने झाखर-माझोख या लेखकाच्या आडनावावरून घडवला, आणि तेही तो लेखक हयात असताना. बिचाऱ्याच्या मनातली गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत रोगाचं नाव होऊन बसली. माझं बरं, मला फक्त बायकोला सांगायचं होतं.

दुसऱ्यांदा बोललो ते भर दिवसा, चादरींच्या घड्या घालताना. ठरवून. चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. दोघं दोन टोकं धरतात, झटकतात, जवळ येतात, टोकाला टोक लावतात, पुन्हा लांब जातात. हात कामात असतात आणि सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. पहिल्या चादरीला तोंड उघडलंच नाही. दुसरीच्या वेळी म्हणालो, "त्या रात्री मी गंमत केली नव्हती. खोटं बोललो. मला सांगायचंय, पण आज तुझ्याकडून उत्तर नकोय. नुसतं ऐक."

ती म्हणाली, "ते टोक सोडू नकोस, जमिनीला लागेल."

मग मी सांगितलं. काय आवडतं, कधीपासून, त्यात काय आहे आणि काय नाही. मला मार नकोय, अपमान नकोय, तिसरं कुणी नकोय, हेही सांगितलं, कारण न सांगितलेल्या जागा माणूस भीतीने भरतो. आपल्यात जे आहे त्यात काही कमी आहे म्हणून हे नाही, हे दोनदा सांगितलं. आणि तू कधीच हो म्हणाली नाहीस तरी चालेल, हेही. हे शेवटचं वाक्य बोलण्याआधी मी बरेच दिवस स्वतःला विचारलं होतं की हे खरं आहे का. नव्वद टक्के खरं होतं. उरलेले दहा टक्के माझे मी सांभाळायचे, असं ठरवलं होतं.

तिने चार चादरी होईपर्यंत काही विचारलं नाही. मग तिचा पहिला प्रश्न आला, "कशाने बांधायचं?"

इथे सांगायला हवं की ती फिजिओथेरपिस्ट आहे. मला वाटलं आता लाजत-लाजत काही बोलणं होईल. त्याऐवजी तिने माझी बाही वर सारून दंडावर बोट ठेवलं. "ही नस इथे हाडाला अगदी लागून वळते. इथे दाब बसला तर मनगट लुळं पडतं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून लोक गाढ झोपतात ना, त्यांना होतं तसं. बरं व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणजे दंडाला काही नाही. मनगटालाही दोर नाही, रेशमी नाही, त्याची गाठ आवळत जाते. रुंद, मऊ काहीतरी. दोन बोटं आत जायला हवीत." मी मान हलवत होतो. अकरा वर्षं ज्या गोष्टीच्या लाजेने मेलो, तिच्याबद्दल बायको शरीरशास्त्र शिकवत होती. डोळ्यांत पाणी आलं ते मी चादरीला पुसलं. (धुतलेली होती. तिने बघितलं, काही बोलली नाही.)

याचा अर्थ ती हो म्हणाली असा मी घेतला. तशी ती म्हणाली नव्हती. "कशाने" हा प्रश्न होता, होकार नव्हता, आणि एवढी साधी गोष्ट मला समजली नाही. दुसऱ्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी एक तक्ता केला. 'हो', 'बघू' आणि 'नाही' असे तीन रकाने, दोघांनी वेगवेगळं भरायचं आणि मग जुळवून पाहायचं. ही पद्धत चांगलीच आहे, खूप जोडपी वापरतात. पण माझ्या तक्त्यात सत्तावीस कलमं होती. तिने वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाली, "हा विम्याचा फॉर्म आहे का?" मी तो फाडला. महिनाभर विषय काढला नाही.

महिन्याने तिनेच एका कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहून आणल्या. हात बांधणं: बघू. डोळ्यांवर पट्टी: बघू, पण तुझ्या, माझ्या नाही. गळ्याजवळ काहीही: नाही. बांधलेलं असताना खोलीबाहेर जाणं: नाही. वाईट शब्द बोलायला लावणं: नाही.

शेवटच्या ओळीपाशी मी माती खाल्ली. 'अपमान नकोय' असं मी तोंडाने सांगितलं होतं, पण एखादा दरडावणीचा शब्द मनात कुठेतरी होता. म्हणालो, "अगदी साधं, म्हणजे नुसतं 'गप्प बस' वगैरे..." तिने कागद घडी घालून बाजूला ठेवला. आवाज चढला नाही. म्हणाली, "मी तिथे 'नाही' लिहिलंय. 'का' लिहिलेलं नाही. ते मला सांगावं लागणार असेल तर बाकीच्या चारही ओळींचा काही उपयोग नाही."

मी माफी मागितली, आणि यावेळी माफीला पुढे 'पण' जोडला नाही. 'का' ते मला आजही माहीत नाही. ते तिचं आहे. त्या संध्याकाळी घासाघीस चालवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि व्हायलाही नको होतं.

थांबायचे शब्द ठरवले ते सगळे वापरतात तेच, सिग्नलचे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे हळू किंवा काहीतरी बदल, लाल म्हणजे ताबडतोब सगळं बंद, प्रश्न न विचारता. 'नको नको' खेळातही निघून जातं म्हणून वेगळे शब्द. आणि ते दोघांचे. बांधणाऱ्यालाही 'लाल' म्हणता येतं, हे तिला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. शब्द सुचलाच नाही तर म्हणून माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. तो खाली पडला की संपलं. कामावरच्या सामानातली बोथट टोकाची, पट्टी कापायची कात्री तिने उशीजवळ ठेवली.

पहिल्या वेळेबद्दल तिने जेवढं ठेवू दिलं तेवढं सांगतो. आम्ही हसलो, खूप. जुनी सुती ओढणी होती, गाठ दोनदा सुटली. दर दोन मिनिटांनी ती म्हणे, "अंगठा वर कर." नस ठीक आहे का ते बघायला. मी वीस वर्षं जे चित्र मनात रंगवलं होतं त्यात "अंगठा वर कर" कुठेच नव्हतं, आणि खरं सांगतो, आधी मला वैताग आला. मग पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आलं की मला जे हवं होतं ते हेच आहे, माझी काळजी दुसरं कुणीतरी घेतंय. दहा मिनिटं झाली असतील. मी इतका शांत झालो की तिला वाटलं झोपलो.

पुढे काय होईल याचा मात्र मी काडीचा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हवेत होतो आणि ती गप्प. संध्याकाळी म्हणाली, "तुला तसं बघून मला नंतर फार वाईट वाटलं. तू मागितलंस म्हणूनच केलं, माहीत आहे. तरी." मी तिच्या 'हो'चा, 'नाही'चा, नसांचा विचार केला होता, करून झाल्यावर तिच्या मनाचं काय होईल, याचा नाही. वाचताना कळलं होतं की नंतर जवळ राहावं, पांघरूण द्यावं, बोलावं. मी ते सगळं बांधलेल्या माणसासाठी आहे असं धरून चाललो होतो. म्हणजे माझ्यासाठी. बांधणाराही नंतर खचतो, हे कुणी सांगितलं असतं तरी मी बहुधा ऐकलं नसतं.

मी तिला म्हटलं, पुन्हा नाही केलं तरी चालेल. ती म्हणाली, "सध्या नको." त्यानंतर ती एकदा बोलली, स्वतःबद्दल, बराच वेळ. काय ते उडवलेल्या परिच्छेदांत होतं. मी मध्ये बोललो नाही, एवढं मात्र ती लिहू देते.

दोन महिने गेले. मी विषय काढला नाही. आणि तोंड पाडूनही बसलो नाही, हे जास्त अवघड होतं. दहा टक्क्यांचा हिशेब रोज करावा लागला. काही दिवस ते वीस टक्के असायचे.

परवा चादरी वाळल्या होत्या. ती एका बाजूला, मी दुसऱ्या. टोकाला टोक लावताना ती जवळ आली आणि माझ्या हातातली टोकं घेता-घेता म्हणाली, "ती बोथट कात्री कुठे ठेवलीस?"

मी जागा सांगितली.