दोष ब्रेकचा की सस्पेन्शनचा? जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांची तपासणी

माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या भागात एकदम चार तक्रारी गोळा झाल्या होत्या. ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढायची, पाय काढल्यावर थोडा वेळ डावीकडे ओढत राहायची, वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचे आणि थांबता थांबता खालून एक जड ‘खट्’ असा आवाज यायचा. ज्यांना विचारले त्यांनी वेगवेगळे भाग बदलायला सांगितले. कुणी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी पकडतात), कुणी शॉक अब्सॉर्बर, तर कुणी अख्खा स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग). यांपैकी प्रत्येक भागामुळे एखादे तरी लक्षण उद्भवू शकते, त्यामुळे कोणताही सल्ला निराधार नव्हता. पण नेमक्या याच कारणासाठी, दोष सिद्ध झाल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, असे मी ठरवले.

सर्वांत आधी दोन्ही बाजूंच्या टायरमधील हवा सारखी केली, कारण एका टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी नेली. ब्रेक न लावता वेग वाढवला तेव्हा थरथर अजिबात नव्हती. म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा (चाकाचे वजन सगळीकडे सारखे असण्याचा) प्रश्न मिटला. ब्रेक लावल्यावर मात्र स्टिअरिंगबरोबर पेडलही पायाखाली धडधडत होते, आणि हे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसल्याचे लक्षण असते. परत आल्यावर दोन्ही डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले. चकचकीत धातूवर हे यंत्र खरा आकडा दाखवत नाही, म्हणून आकड्यावर विसंबण्यापेक्षा दोन्ही बाजूंना एकाच जागी मोजून फरक पाहणे महत्त्वाचे. डावी डिस्क उजवीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेली होती.

चाक थंड झाल्यावर मागच्या चाकांना अडण्या लावल्या, गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलला आणि स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे जिवावर बेतू शकते. भावाला ब्रेक दाबून सोडायला सांगितले आणि दोन्ही चाके हाताने फिरवून पाहिली. उजवे लगेच मोकळे झाले, डावे मात्र अडकून राहिले. याची कारणे तीन असू शकतात: कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम असणे, त्याच्यापर्यंत ब्रेक ऑइल नेणारा रबरी होस (नळी) आतून बुजलेला असणे किंवा दाब वरूनच, म्हणजे पेडलने दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरकडून, न सुटणे. ही तीन कारणे वेगळी करण्याची पद्धत मला फार पटते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच उरत नाही. होसच्या वरच्या टोकाला जिथे लोखंडी पाइप जोडलेला असतो, तिथला जोड किंचित सैल केला. दोन थेंब ब्रेक ऑइल आले, पण चाक अडकलेलेच राहिले. मग कॅलिपरवरचा ब्लीडर (ऑइल बाहेर काढण्याचा स्क्रू) अर्धा फेरा उघडला, तशी ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक हाताच्या एका धक्क्यात फिरू लागले. दाब होस आणि कॅलिपर यांच्यामध्ये कोंडलेला होता, त्यामुळे दोष होसचाच ठरला. कॅलिपर जाम असता तर ब्लीडर उघडूनही चाक सुटले नसते.

तरीही कॅलिपर उघडून खात्री केली. स्लायडर पिना (ज्यांवर कॅलिपर आत-बाहेर सरकतो) हाताने सहज सरकत होत्या आणि पॅडला ढकलणारा पिस्टनही न अडखळता मागे गेला. डावीकडचे पॅड उजवीकडच्यांपेक्षा जास्त झिजलेले होते, पण आतला आणि बाहेरचा असे दोन्ही सारखेच. पिना अडकल्या असत्या तर बहुधा आतला पॅड आधी संपला असता. उघडलेला कॅलिपर होसवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला टांगून ठेवला.

काढलेला होस मी ब्लेडने उभा चिरून पाहिला. बाहेरून तो धडधाकट होता, साधी भेगही नव्हती. आत मात्र अस्तर फुगून मार्ग इतका अरुंद झाला होता की जेमतेम टाचणी गेली असती. आधी उजवीकडे आणि मग डावीकडे ओढण्याचे कोडे इथे सुटले: ब्रेक दाबताना ऑइल डाव्या चाकाला उशिरा पोहोचत होते, म्हणून आधी उजवा ब्रेक धरायचा, आणि सोडल्यावर तेच ऑइल उशिरा परतत असल्याने डावा धरून राहायचा. मी दोन्ही बाजूंचे होस बदलले आणि जुने ऑइल पूर्ण काढून टाकले. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनांक घसरतो. डॉट ४ या प्रतीसाठी नव्या ऑइलचा किमान उत्कलनांक २३० अंश सेल्सियस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा १५५. सतत तापणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजली. मिलिमीटरच्या दोन शतांश भागाइतका फरकही पायाला जाणवू शकतो, आणि डाव्या डिस्कमध्ये तो त्याहून जास्त होता. दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले. नवी डिस्क बसवण्याआधी ती ज्यावर बसते त्या हबचा गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ केला, कारण मागे राहिलेला गंजाचा पापुद्रा नव्या डिस्कलाही वाकडी फिरायला लावतो.

थरथर गेली, डावीकडे ओढणेही थांबले. पण ‘खट्’ तसाच होता आणि जोरात ब्रेक लावल्यावर गाडी अजूनही जराशी उजवीकडे सरकत होती. आता सस्पेन्शनकडे वळले. चाक वर-खाली धरून हलवले, मग दोन्ही बाजूंनी धरून हलवले; चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा बॉल जॉइंट, स्टिअरिंगशी जोडणारा टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग घट्ट होते. (वर-खाली हलवताना प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावा, प्ले नाहीसा झाला तर संशय बेअरिंगवर, राहिला तर बॉल जॉइंटवर.) मग मोबाइल बाजूला सुरक्षित अंतरावर ठेवून, गाडी अगदी हळू पुढे-मागे घेत ब्रेक लावतानाचे चित्रीकरण केले. डावे चाक जागेवर राहत होते. उजवे मात्र पुढे जाताना प्रत्येक ब्रेकला मडगार्डच्या पोकळीत बोटभर मागे सरकत होते. लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशपाशी, म्हणजे जोडातल्या रबरी भागापाशी, छोटी पहार लावून रेटताच, एरवी मिटलेली रबरातली चीर उघडली. ‘खट्’ आणि उजवीकडे सरकणे यांचे मूळ हेच होते.

दोन्ही बाजूंचे बुश बदलताना आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हलके आवळले आणि चाकांवर पूर्ण वजन आल्यानंतरच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) ठरलेल्या मापाला घट्ट केले. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि नवा बुशही लवकर फाटतो. हे पथ्य घाईत अनेकदा पाळले जात नाही. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) सगळ्यात शेवटी करून घेतले, कारण बुश बदलण्याआधी लावलेले माप नंतर टिकले नसते. आता स्टिअरिंगवरची पकड सैल ठेवून ब्रेक लावला तरी गाडी सरळ थांबते, आणि फेरी मारून आल्यावर दोन्ही डिस्कच्या तापमानात फारसा फरक दिसत नाही.