सगळ्यांना ठाऊक असलेली चाल : गारिंचाच्या आठवणी

ब्राझीलचा फुटबॉलपटू गारिंचा चेंडू घेऊन बचावपटूसमोर उभा राहिला की तो कोणत्या बाजूने जाणार, हे रिओच्या माराकाना स्टेडियममधल्या लहान पोरालाही ठाऊक असे. तो आधी अंग डावीकडे झुकवणार, समोरचा त्या बाजूला तोल टाकणार आणि हा उजवीकडून, मैदानाच्या कडेच्या रेषेलगत, चेंडू घेऊन निसटणार. बचावपटूला हे ठाऊक असे, त्याच्या प्रशिक्षकाने आदल्या दिवशी तेच बजावलेले असे, आणि तरीही दर वेळी तेच घडे. कधीकधी गारिंचा पुढे जाण्याऐवजी थांबायचा आणि त्याच बचावपटूला पुन्हा तसाच चकवायचा. ज्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिले, त्या रिओच्या जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींत गोलांपेक्षा ही एकच चाल अधिक येते. कीर्तनात शंभरदा ऐकलेला अभंग बुवांनी पुन्हा धरला की मंडप जसा सरसावून बसतो, तशी ती गर्दी त्या क्षणाची वाट पाहत असे. खेळातला आनंद अनपेक्षित घटनेत असतो असे आपण सहज म्हणतो. गारिंचाच्या चाहत्यांचा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आहे आणि मला तोच अधिक खरा वाटतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना असे तट पडतात, आणि आमचे घर पहिल्यापासून ब्राझीलचे. पेलेचे नाव कानावर पडतच मी वाढलो. गारिंचा मला पुष्कळ उशिरा, काळ्यापांढऱ्या चित्रफितींतून भेटला, आणि भेटला तो कायमचाच.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचे खरे नाव. रिओजवळच्या पाउ ग्रांदे या कापडगिरणीच्या गावात १९३३ साली त्याचा जन्म झाला. लहान चणीच्या या मुलाला बहिणीने एका चिमुकल्या पक्ष्याचे नाव दिले आणि तेच पुढे जगभर गेले. त्याचे दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले होते, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता आणि पाठीच्या कण्यातही दोष होता. अशा शरीराचा मुलगा १९५३ साली रिओच्या बोताफोगो क्लबात चाचणीसाठी आला, तेव्हा त्याच्यासमोर उभा होता निल्तन सांतोस, त्या काळातला जगातला एक सर्वोत्तम लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. गारिंचाने चेंडू थेट त्याच्या दोन पायांमधून काढला. सांतोसने सराव संपताच क्लबला सांगितले की या पोराला सोडू नका. उद्या हा दुसऱ्या संघातून माझ्याविरुद्ध खेळलेला मला नको आहे. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

माराकानात मैदानाला लागूनच ‘जेराल’ नावाचा उभे राहून सामना पाहण्याचा भाग होता. तिकीट सर्वांत स्वस्त असल्यामुळे तिथे गिरणीकामगार, हमाल, फेरीवाले यांची दाटी असे. हा भाग इतका खाली होता की तिथून खेळाची मांडणी नीट दिसत नसे. दिसत ते प्रामुख्याने खेळाडूंचे पाय. गारिंचा पाहायला याहून चांगली जागा कोणती असणार! तो स्वतः गिरणीत काम केलेला, सामना संपला की गावी परतून जुन्या मित्रांबरोबर खेळणारा. जेरालमधल्या माणसाला तो आपल्यातलाच वाटे. ‘लोकांचा आनंद’ ही त्याची पदवी अशा माणसांमुळेच अर्थपूर्ण ठरली.

फुटबॉलच्या गर्दीत आज ऐकू येणारा ‘ओले’चा गजर त्याच्याच नावाशी जोडला जातो. फेब्रुवारी १९५८ मध्ये मेक्सिको सिटीत बोताफोगोची गाठ अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी पडली. वैरो हा त्यांचा बचावपटू गारिंचाकडून पुन्हा पुन्हा चकवला जात होता आणि बैलांच्या झुंजीला सरावलेली मेक्सिकन गर्दी प्रत्येक चकव्याला ‘ओले’ म्हणून दाद देत होती. बोताफोगोचे तेव्हाचे प्रशिक्षक जोआव साल्दान्या ही हकिगत पुढे मोठ्या रंगात सांगत. गारिंचाच्या नावावरच्या सगळ्याच गोष्टी मात्र जशाच्या तशा घेऊ नयेत. प्रतिस्पर्धी कुणीही असो, तो त्याला ‘जोआव’ एवढ्याच नावाने ओळखे, ही सर्वांची आवडती गोष्ट आणि अशा इतरही अनेक गोष्टी त्याचा पत्रकार मित्र सांद्रो मोरेयरा याने रचलेल्या होत्या असे मानले जाते. तरी त्या इतक्या जीवापाड जपल्या गेल्या, याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

त्याच वर्षी विश्वचषकापूर्वी इटलीत, फ्लोरेन्समध्ये, तिथल्या फिओरेन्तिना क्लबाविरुद्ध त्याने एक गोल केला. बचावपटू मागे पडले, गोलरक्षकही चकला आणि समोर रिकामे गोलजाळे होते; पण हा थांबला, धावत परतणाऱ्या बचावपटूला त्याने जवळ येऊ दिले, त्याला आणखी एकदा चकवले आणि मग चेंडू आत नेला. स्वीडनमधल्या विश्वचषकाच्या पहिल्या दोन सामन्यांत त्याला बसवून ठेवले गेले, ते या गोलातल्या बेफिकिरीमुळेच, असे अनेक जण सांगतात. तिसऱ्या सामन्यात, १५ जून १९५८ रोजी गोथेनबर्गला सोव्हिएत संघाविरुद्ध, तो मैदानात उतरला. पहिल्याच मिनिटात त्याचा फटका खांबाला लागला, लगोलग पेलेचाही लागला, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याचा सहकारी वावा याने सोव्हिएत गोलरक्षक याशिनला चकवून गोल केला. गाब्रिएल आनो या फ्रेंच पत्रकाराने त्या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम मिनिटे म्हटले. अंतिम सामन्यात वावाचे दोन्ही गोल गारिंचाने उजवीकडून दिलेल्या पासवर झाले.

१९६२ चा चिलीतला विश्वचषक तर निखळ त्याचा. पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि संघाचा भार याच्यावर आला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध दोन. ‘गारिंचा कोणत्या ग्रहावरून आला आहे?’ असा प्रश्न ‘एल मेर्कुरिओ’ या चिलीच्याच वृत्तपत्राने छापला. चिलीविरुद्धच्या त्या सामन्यात पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढले होते, तरी अंतिम सामना खेळू देण्यात आला आणि अंगात ताप असताना तो खेळला.

माझी सर्वांत लाडकी आठवण मात्र १९६० मधली, बोताफोगो आणि रिओचाच दुसरा क्लब फ्लुमिनेन्से यांच्या सामन्यातली आहे. फ्लुमिनेन्सेचा पिन्येइरो दुखापत होऊन कोसळला. गारिंचापुढे गोलाची वाट मोकळी होती. त्याने चेंडू मुद्दाम बाहेर मारला, म्हणजे जखमी खेळाडूवर उपचार व्हावेत. थ्रो-इन, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकण्याची संधी, मिळालेल्या फ्लुमिनेन्सेच्या आल्ताइरने उपकाराची फेड म्हणून चेंडू पुन्हा बाहेर जाऊ दिला. आज हा रिवाज सगळीकडे पाळला जातो. बचावपटूला हजारोंसमोर दोन-दोनदा चकवणारा हा माणूस मनाने किती निर्मळ होता, हे यावरून मला कळते.

पुढचे सांगायला जड जाते. दारूने त्याला पोखरले, गुडघे गेले. ब्राझीलकडून खेळताना तो एकच सामना हरला, १९६६ मध्ये हंगेरीविरुद्धचा, आणि तोच त्याचा शेवटचा ठरला. पेले आणि गारिंचा दोघे संघात असताना ब्राझील कधीच हरला नाही. डिसेंबर १९७३ मध्ये त्याच्या मदतीसाठी माराकानात निरोपाचा सामना भरवला गेला, तेव्हा १ लाख ३० हजारांहून अधिक लोक आले. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा या सांबा मंडळाने त्याला चित्ररथावर बसवले. तिथे तो सुन्न बसून होता आणि लोक त्याला पाहून रडत होते. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो गेला. शवपेटी बोताफोगोच्या झेंड्यात गुंडाळून माराकानात ठेवली गेली, आणि तिथून पाउ ग्रांदेकडे नेताना रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. हे प्रेम त्याला जगवू शकले नाही, याची खंत त्याच्या अनेक चाहत्यांप्रमाणे मलाही आहे.

ज्यांनी त्याला कधीच पाहिलेले नाही, त्यांनी १९६२ च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्याची चित्रफीत जरूर पाहावी. मैदानात घुसलेला कुत्रा गारिंचाला चुकवून पळाला आणि शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जच्या हाती लागला, तो हाच सामना. उंच इंग्लिश बचावपटूंमध्ये या बुटक्या माणसाने डोक्याने मारलेला पहिला गोल सुरेखच आहे आणि दुरून वळवलेला दुसरा त्याहून सुरेख. पण ते एकदा पाहून झाल्यावर चित्रफीत मागे न्यावी आणि इंग्लंडचा लेफ्ट बॅक रे विल्सन याच्याकडे लक्ष द्यावे. चार वर्षांनी जगज्जेत्या संघात असलेला हा खंदा बचावपटू समोरचा कुठे जाणार हे पक्के जाणून उभा असतो, आणि तरीही त्याचे वजन प्रत्येक वेळी चुकीच्याच पायावर जाते.