ससून डॉकचा मासा धुळ्यापर्यंत ताजा आणायचा तर

खानदेशात समुद्राची ओळख होते ती आठवडे बाजारातल्या सुकटीतून आणि सुक्या बोंबलातून. ओला मासा म्हटला की आपल्याकडे तापीचा नाहीतर धरणाचा रोहू, कटला, फार तर मरळ. त्यामुळे मुंबईला गेलेला माणूस पहाटे ससून डॉकला गेला की पापलेट-सुरमई बघून हरखतो, पिशवी भरून घेतो आणि चाळीसगाव-धुळ्याला पोचेपर्यंत निम्मा माल खराब होतो. दोष भावात नसतो, माशातही बहुतेक वेळा नसतो. तो बर्फात असतो.

कुलाब्याची ही गोदी 1875 सालची. रात्रभर होड्या लागत असतात. पाचच्या सुमाराला लिलाव रंगात येतो, साडेसात-आठला गर्दी ओसरू लागते. साडेचारला आत असलात तर सगळं बघून, निवांत निवड करून सातपर्यंत निघता येतं. पायात चपला नकोत. फरशीवर पाणी, खवलं आणि बर्फाचा चिखल असतो, म्हणून गमबूट किंवा मागे पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल घाला. हातगाडीवाल्यांची घाई खरी असते. त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढायचे नाहीत, तिथे फोटोला बंधनंही आहेत. नोटा सुट्या ठेवा.

लिलाव घाऊक असतो, अख्ख्या ढिगाचा किंवा पाट्यांचा. तिथे आपलं काम नाही. लिलावात माल घेऊन बाजूला वाटे लावून बसलेल्या कोळणींकडून घ्यायचं. चार घरं मिळून एक मोठा वाटा घेतला तर परवडतो, आणि खोकाही नीट भरतो. हे भरणं पुढे कामाला येतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. डॉकवरचा मासा म्हणजे आज पहाटेचा, असं आपण धरून चालतो. मोठे ट्रॉलर आठ-दहा दिवस समुद्रात असतात, कधी त्याहून जास्त. पहिल्या दिवशी पकडलेला मासा होडीच्या बर्फाच्या खणात तळाशी, शेवटच्या दिवशीचा वर. एकाच होडीतून उतरलेल्या दोन पाट्यांत आठवड्याचं अंतर असू शकतं. म्हणून बंदरावरही मासा हाताने बघूनच घ्यावा लागतो. कल्ले उचलून बघा: लाल हवेत, तपकिरी आणि चिकट नकोत. डोळा फुगीर आणि काळा हवा, आत बसलेला, दुधाळ नको. पापलेटाच्या कल्ल्यापाशी अंगठा दाबला की पांढरं पाणी यावं. तांबूस आलं तर तो वाटा सोडा. बांगडा डोक्याकडून आडवा धरला की शेपूट लोंबू नये. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं.

काय घ्यायचं हे चवीपेक्षा अंतराने ठरवा. धुळं सव्वातीनशे किलोमीटर, जळगाव चारशेच्या वर. ओला बोंबील इतक्या लांब आणू नये. त्याच्या अंगात पाणीच फार, तो पिचतो आणि दुपारपर्यंत लगदा होतो. मुशीला, म्हणजे लहान शार्कला, लवकर अमोनियाचा वास सुटतो. पापलेट, हलवा, रावस, अख्खी सुरमई हे प्रवासाचे मासे. कोळंबी आणायची तर डोकी तिथेच काढून घ्या, कारण तिचं मांस मऊ पाडणारा रस डोक्यात असतो. बांगडा आणि सुरमई यांच्याबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. हे मासे काही तास गरम राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, वास-चवीवरूनही नेहमी कळत नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं. म्हणून घेतल्याक्षणी बर्फात, ‘गाडीत बसल्यावर भरू’ असं नको.

पोट साफ करून घ्या, पण तुकडे करू नका. अख्खा मासा जास्त टिकतो. तुकडे करणं भागच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग बर्फात ठेवा, नाहीतर वितळलेलं पाणी चव धुऊन नेतं.

खोका जाड थर्माकोलचा, दहा किलो माशाला साधारण 40 लिटरचा. बर्फ माशाइतकाच, वजनाला वजन. हे जास्त वाटतं, पण हिशेब करा: दहा किलो मासा 30 अंशांवरून शून्यावर आणायलाच तीन किलोच्या वर बर्फ खर्ची पडतो. उरलेला सहा-साडेसहा किलो वाटेतल्या उन्हाशी झुंजायला. लाद्या नकोत, भुगा घ्या. लादी माशाला एका बाजूने टेकते आणि त्याला चेपते, भुगा चहूबाजूंनी बसतो. तळाला चार बोटं बर्फ, त्यावर माशाचा एकच थर पोट खाली करून, मग बर्फ, पुन्हा मासा, सगळ्यात वर पुन्हा जाड थर. खोका अर्धा रिकामा राहिला तर आतली हवाच बर्फ खाते. तळाच्या कोपऱ्यात बोटाएवढं भोक पाडून खाली ट्रे ठेवा. मासा पाण्यात बुडून राहिला की गिळगिळीत होतो. झाकणाला चिकटपट्टी लावली की घरापर्यंत उघडायचं नाही.

रेल्वेच्या डब्यात हे करू नका. पाणी गळतं, वास सुटतो, सहप्रवाशांना त्रास. आपली गाडी बरी. रात्री धुळ्याहून निघून पहाटे डॉक आणि लगेच परत, हे एकाच चालकाच्या भरवशावर नको. उजाडल्यावर कसारा घाटात डुलकी लागते. दोन चालक ठेवा, किंवा आदल्या संध्याकाळी मुंबईत मुक्काम करा. सातला निघालात तर मुंबईची गर्दी वाढायच्या आत ठाणे मागे पडतं, आणि नाशिक, चांदवड, मालेगाव करत दोन-तीनला घर. खोका डिकीत ठेवून वर ओलं गोणपाट टाका. टपावर कधीच नको.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्या काळात जाऊ नका. आपल्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात बर्फ दीडपट लागतो.

घरी आल्यावर आधी खोका उघडून बर्फ बघा. वरच्या थरात दाणे शिल्लक असतील तर मासा शून्याजवळच आहे, धुवा आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्याला लागा, कळण्याची भाकरी बरोबर. सगळं पाणी झालं असेल आणि ते हाताला गार लागत नसेल, तर बांगडा-सुरमई टाकून द्या, कितीही महाग पडली असली तरी.