पंखा, दूध आणि ताशाच्या काड्या

वेगाने हलणारी गोष्ट फोटोत गोठवायची कशी, हा मागच्या नोंदीपासूनचा विषय. त्या नोंदीनंतर शटर स्पीडचा नाद सोडला. भरपूर उजेड असेल तर १/२००० सेकंद ठेवावं आणि मोकळं व्हावं, त्यात शोधण्यासारखं फार काही उरत नाही. पण मला हवेत ढोल-ताशा पथकांचे सराव. ते होतात संध्याकाळी, नदीपात्रात, आणि पुण्यातला पावसाळा म्हणजे चार वाजताच अंधारून येतं. तिथे गोठवायचं काम फ्लॅशवरच टाकावं लागणार.

त्याची परीक्षा घरच्या पंख्यावर घेतली. साधा १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरलं, तर पात्याचं टोक सेकंदाला जवळपास १९ मीटर पळतं. शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं तर ते नऊ सेंटिमीटरहून जास्त सरकणार. पण एफ ८, आयएसओ ४०० ला फ्लॅशशिवाय काढलेली फ्रेम पूर्ण काळी येत असेल, तर शटर किती वेळ उघडं होतं याला महत्त्वच राहत नाही. फ्लॅश जेवढा वेळ पेटला, तेवढंच चित्र उमटतं. पात्याच्या टोकाला वर्तमानपत्राचा मथळा चिकटवला. फ्लॅशच्या फुल पॉवरला अक्षरांना शेपट्या फुटल्या, पॉवर १/६४ वर आणल्यावर मथळा सरळ वाचता आला.

कारण स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशची, पॉवर कमी केली की लखलखाट आखूड होतो. कपॅसिटरमधला चार्ज ट्यूबमधून वाहत असतानाच आतलं स्विच तो तोडतं. फुल पॉवरला साधारण १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त, अगदी खालच्या पॉवरला १/१०००० हूनही आखूड. भाड्याने मिळणाऱ्या जुन्या स्टुडिओ लाइटचं बहुधा उलट असतं. तिथे व्होल्टेज उतरवून पॉवर कमी करतात, त्यामुळे लखलखाट लांबतो. आणि फ्लॅशचा हाय स्पीड सिंक हा मोड इथे बंदच ठेवा. त्यात फ्लॅश लागोपाठ मिणमिणत राहतो आणि गोठवणं पुन्हा शटरच्या गळ्यात पडतं.

मग दूध. अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांचा १९५७ चा, दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपलेला फोटो आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतो. थेंबासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. त्याची चाकाची क्लिप इतकी नेमकी चालते की महागड्या व्हॉल्व्हची गरज वाटली नाही. ४० सेंटिमीटरवरून पडलेला थेंब खाली पोचताना सेकंदाला २.८ मीटर वेगात असतो. म्हणजे १/१००० मध्ये तो २.८ मिलिमीटर सरकणार, आणि थेंबच मुळात चार-पाच मिलिमीटरचा! १/३२ पॉवर, फ्लॅश ताटलीपासून वीतभर. थेंब पडतो तिथे पेन्सिल धरून मॅन्युअल फोकस केला. प्रकाश कमी पडला तर पॉवर वाढवू नका, फ्लॅश जवळ न्या किंवा दुसरा जोडा. (दूध चितळ्यांचंच होतं. आईचं त्यावरचं मत इथे देत नाही.)

सरावाला गेल्यावर मात्र माझं मत बदललं. पथकप्रमुखांना विचारून फ्लॅश बाजूला, वादकांच्या डोळ्यांच्या वर लावला. १/६४ ला ताशाच्या काड्या धारदार आल्या, आणि फोटो मेला. काड्या हवेत टांगल्यासारख्या, तर्री, म्हणजे ताशाचा तो सलग कडकडाट, कुठेच नाही. १/८ ला मनगट गोठलं आणि काडीचं टोक किंचित पुसलं गेलं, तोच फोटो ठेवला. ढोलाचं टिपरू वर गेलं की क्षणभर थांबतंच. तो क्षण साधला तर १/२५० चा शटर स्पीडसुद्धा पुरतो, फ्लॅश लागत नाही.

पुढचा प्रयोग आवाजाच्या ट्रिगरचा, म्हणजे आवाज झाला की फ्लॅश आपोआप पेटवण्याचा. माइक ३४ सेंटिमीटर मागे सरकवला की एक मिलिसेकंद उशीर मिळतो, म्हणून घरी तो सोपा आहे. पथकात चहूबाजूंनी ढोल घुमत असताना माइक कुणाचं ऐकणार? तिथे ताशाच्या भांड्याला पिझो डिस्क, म्हणजे कंपनं ओळखणारी चकती, चिकटवून बघणार आहे. कुणी केलं असेल तर सेन्सिटिव्हिटी किती ठेवली ते सांगा.