पेपरात येणार काय?

कोल्हापुरात रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढला की पहिला प्रश्न ठरलेला : "पेपरात येणार काय?" नाही म्हटलं की लगेच दुसरा : "मग काढताय कशाला?" वीस-बावीस वर्षं झाली, या दुसऱ्या प्रश्नाला मी "असंच" एवढंच म्हणत आलोय. गंगावेशीत "असंच" चालून जातं. लक्ष्मीपुरीत मात्र माणूस हातातला तराजू खाली ठेवतो आणि डोळे बारीक करून विचारतो, "अतिक्रमणवाल्यांकडनं आलाय न्हवं?"

खरं उत्तर मला ठाऊक आहे, पण ते कुणाच्या तोंडावर सांगण्यासारखं नाही. "मामा, तुमचं हे काही फार दिवस टिकायचं नाही, म्हणून काढून ठेवतोय," असं कसं म्हणायचं? सकाळी सहाला, ते धंद्यावर बसलेले असताना?

सुरुवात केली ती गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापासून. भर रस्त्याच्या कडेला म्हैस उभी, गवळी उकिडवा बसलेला, चरवीत धार पडतेय आणि गिऱ्हाईक पेला धरून शेजारी. फेसासकट कोमट दूध तिथंच घशाखाली. घरोघरी दुधाच्या पिशव्या पोचायला लागून किती वर्षं झाली, तेव्हा हे आता जाणार याची मला खात्रीच होती. अशीच खात्री तालमीतल्या तांबड्या मातीबद्दल होती आणि चप्पल लाईनीत वेणी विणणाऱ्या बोटांबद्दलही. हे सगळं मी भक्तिभावानं टिपलं. (मिसळ सोडून दिली. तिचे फोटो काढायला अख्खा महाराष्ट्र गाडी करून येतो.)

आणि झालं काय, तर यातलं काहीच गेलं नाही. कट्टा आहे, माती आहे. कोल्हापुरी पायताणाला तर 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2025 मध्ये इटलीतल्या एका बड्या ब्रँडनं तिच्यासारखीच चप्पल फॅशन शोमध्ये मिरवली. त्यावरून गावभर जो दंगा झाला, त्यात जिच्यासाठी मी मनात सुतक धरून बसलो होतो तीच चप्पल जगाला तोंड देत होती.

गेलं ते वेगळंच. दुकानांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्या गेल्या. कधी गेल्या तेही कळलं नाही. पेंटर आधी दोऱ्याला खडू लावून तो ताणायचा आणि टणकन सोडायचा, की पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. मग अक्षरं, अक्षरांना लाल किंवा निळी सावली आणि सगळ्यात शेवटी खालच्या कोपऱ्यात स्वतःचं बारीक नाव. 'किराणा व भुसार' मधल्या 'भ'ला असा काही बाक द्यायचे की दुकानात जायच्या आधी माणूस 'भ'कडे बघायचा. आता तिथं 'डिजिटल' आलं. आमच्याकडे फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. वाढदिवसाचं डिजिटल, दहाव्याचं डिजिटल, दोन्हींवर फोटो तोच, गॉगलसकट.

या पाट्यांचे फोटो माझ्याकडे का नाहीत, याचं कारण अगदी हिशेबी आहे. पहिली काही वर्षं रोलचा कॅमेरा होता. रोलमध्ये 36 फोटो. शिवाय धुवायचे पैसे वेगळे. पाटीवर एक फ्रेम घालवायला मी काय खुळा होतो? पाटी काय, उद्याही असणारच की. तालमीत पैलवान माती उधळतोय, त्याचे सहा घेतले, सातवाही घेतला. आज ते रोल पुन्हा बघताना पैलवान राहतो बाजूला आणि मी भिंग घेऊन शोधतो मागच्या सायकल दुकानाची पाटी. अर्धी सापडते. 'येथे पंक्चर का' एवढीच.

पेंटर या शब्दाला या गावात एकेकाळी आडनावाचा मान होता. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंचं मेस्त्री मागं पडलं आणि पेंटर चिकटलं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता या मंडळींना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी नेट सोडला नाही, परदेशी कॅमेरा मिळायची वाट न बघता स्वतःच खपून कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये आपला पहिला मूकपट पडद्यावर आणला. त्या कॅमेऱ्याचा स्तंभ खरी कॉर्नरला उभा आहे. मी तिथून जाताना दर वेळी मान तिरकी करून बघतो. कॅमेरा दगडात उभा राहिला आणि त्या काळात टिपलेलं बहुतेक सगळं नाहीसं झालं. बाबूरावांच्या मूकपटांपैकी तुकडेच काय ते उरलेत. आपल्या हार्ड डिस्कचं काय होणार, हा विचार मी तिथल्या सिग्नलला करतो. सिग्नल सुटला की विसरतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांच्या काळात 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी पोचलो तेव्हा खासबागेच्या बाजूला ही गर्दी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर. माझा कॅमेरा खांद्यावर होता, तो मी काढला नाही. फार थोर कारण नव्हतं. सगळे काढतायत ते आपण कशाला काढा, एवढंच. छप्पर गेलं, आतलं सगळं गेलं, दगडी भिंती राहिल्या.

घरी येऊन पहाटेपर्यंत जुने फोटो चाळले. या नाट्यगृहात मी शाळेत असल्यापासून जातोय. आतला एकही फोटो नाही. बाहेरचा एक सापडला, तोही त्याचा म्हणता येणार नाही. शेंगदाण्याची गाडी आहे, ढिगावर निखाऱ्यांचं मडकं, विकणारा कागदाचा कोन वळतोय. मागं, फोकसच्या बाहेर, एक पुसट दगडी कोपरा. वरची सगळी कौलं माझ्या चौकटीबाहेर. कोन वळणाऱ्या बोटांसाठी मी तेव्हा रस्त्यावर चक्क मांडी घातली होती. इंचभर मागं सरकलो असतो तर...

त्यानंतर एक सवय लावून घेतली. ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट नेऊन द्यायची. पेपरात नाही तर नाही, हातात तरी येतं.

परवा कट्ट्यावर एक प्रिंट घेऊन गेलो. जुनीच, पण माझी लाडकी. गवळीमामांचा चेहरा, कडेनं येणारं कोवळं ऊन, चरवीतून वर येणारी वाफ. मामांनी धोतराला हात पुसले, फोटो लांब धरला आणि स्वतःकडे बघितलंच नाही.

"ही गेली की वो," म्हणाले.

"कोण?"

"ही. म्हस. दोन सालं झाली. अख्ख्या कट्ट्यावर हिच्यासारखी न्हवती. पाडव्याला रंगवून, मोरपिसं लावून काढली की गाडीच्या मागनं पळायची, दावं बी लागायचं न्हाई."

मी फोटोकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. चौकटीत मामा बरोब्बर बसवले होते, त्या नादात म्हशीचं कपाळ तेवढं आलं होतं. पंढरपुरी म्हैस, पार खांद्यामागं जाणारी तलवारीसारखी शिंगं, आणि ती दोन्ही मी वरच्या कडेला छाटली होती.

"शिंगं आल्याली एखादी न्हाई काय?" मामांनी विचारलं. "असली तर बघा. न्हाई म्हंजे, न्हाई."

रात्री त्या सकाळचे सगळे फोटो बघितले. एक आहे. मामा त्यात पाठमोरे आहेत, ऊन जळालंय आणि म्हशीनं नेमकी मान हलवल्यामुळं एक शिंग दोन झाल्यासारखं दिसतंय. मी तो तेव्हा बाद करून ठेवला होता. सकाळी तोच प्रिंटला टाकला, मोठ्या साईजमध्ये.