आत्याचं नाव सोडून

बुधवार, रात्री

"आत्याचं नाव सोडून काहीही ठेवा बाई." भावाच्या लेकीचं नाव काय ठेवायचं यावर बोलणं चाललं होतं, तेव्हा वहिनीच्या आई म्हणाल्या, डिंकाचे लाडू वळता वळता, अगदी सहज. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. आणि आता साडेअकरा होऊन गेले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी कुठे म्हटलं होतं माझं नाव, सोयरा, ठेवा म्हणून? ग्रुपवर यादी आली तेव्हा मी अन्विकाला अंगठा दिला, स्वराला दिला, कियारालासुद्धा दिला (कियारा!). म्हणजे माझं नाव शर्यतीत नव्हतंच. मग लागलं कशाला? पाळण्यात वाकून कुर्र करायचं मी, पाठीत धपाटे खायचे मी, चांदीचे वाळे आणायचे मी, आणि नावाची वेळ आली की माझं तेवढं वगळून. असं लिहिलं की अगदीच रडवेली वाटते मी. वाटू दे. रोजनिशी कशाला असते मग.

या नावानं मला कधी सुखानं बसू दिलेलं नाही हेही खरं. बँकेत सायरा. कुरिअरवाल्याला सोराया. मोबाईलवर 'सोय' टाइप केलं की तो पुढे सोयाबीन सुचवतो, आणि लातूरच्या मावशीला त्यात काही वावगं वाटत नाही. वर्गात मनीषा, स्वाती, वैशाली ढिगानं. त्यांना जत्रेत नावाच्या कीचेन मिळायच्या. मला नाही मिळाली. 'नाव सोयरा आणि सोयरीक जुळेना' हे आईच्या मावशीचं वाक्य. त्यावर आज नको. आणि जानेवारी २०२४ मध्ये सगेसोयऱ्यांच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला तेव्हा ऑफिसात महिनाभर एकच विनोद, "मॅडम, तुमच्या नावाचा जीआर आला." पहिल्यांदा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण वहिनीच्या आईंच्या मनात ते काहीच नव्हतं. त्यांच्या मनात होती ती मालिकेतली सोयराबाई, शिवाजी महाराजांची राणी. शालू नेसलेली, डोळे तिरके करून खांबाआड कुजबुजणारी. मालिका संपली तर सिनेमा आला, आणि सोसायटीतली पोरं मला जिन्यात बघून "कट कट" करायला लागली. कट म्हणजे कारस्थान, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिच्यावर इतका राग का, हे मला कधी नीट उमजलं नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून बसली ती हीच. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले, आणि २१ एप्रिलला तिच्या राजारामाला मंचकावर बसवलं. पोर दहा वर्षांचं. सख्खा भाऊ, सरसेनापती हंबीरराव मोहिते, तो संभाजीराजांच्या बाजूनं उभा राहिला. योग्य केलं त्यानं, माझं काही म्हणणं नाही. पण त्या रात्री गडावर बसून तिला काय वाटलं असेल, माहेरच पलीकडे गेलं म्हटल्यावर? पुढच्या वर्षी ती गेली. पुढे त्याच हंबीररावांच्या लेकीनं, ताराबाईनं, १७०० साली आपल्या चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं आणि औरंगजेबाशी झुंजली. तिचे पुतळे आहेत, आणि असायलाच हवेत. तारा नावाच्या बाया गावोगाव सापडतील. सई तर आता प्रत्येक बालवाडीत आहे. येसूही ठेवायला लागलेत.

आणि ताराबाईची सोयराबाई कोण? आत्या! सख्खी आत्या. हे मला आत्ता, हे लिहिताना सुचलं. आत्याचं नाव सोडून सगळी नावं उरली की महाराष्ट्रात.

अण्णांनी माझं नाव ठेवलं ते काही त्या रायगडावरच्या राणीवरून नाही. अण्णांची सोयरा वेगळी, संत चोखोबांची बायको. पण हे सांगायला गेलं की आणखी पंचाईत. राणीवरून म्हटलं की माणसं हसतात तरी. चोखोबांच्या सोयरावरून म्हटलं की एक क्षण गप्प होतात, मग नजर माझ्या टेबलावरच्या पाटीवर आडनावाकडे जाते, आणि मग, "म्हणजे तुम्ही...?" ते वाक्य कुणी पुरं करत नाही. मी कधी सांगते, कधी नाही. कुणाला सांगते आणि कुणाला नाही, यावर लिहायला बसले तर सकाळ होईल.

नाव दुर्मीळ का झालं याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. एका घरात सोयरा म्हटलं की कारस्थानी सावत्र आई आठवते. दुसऱ्या घरात म्हटलं की वेशीबाहेरची आठवते, आणि संत म्हणून पाया पडले तरी मुलीला ते नाव ठेवायला हात आखडतो. आणि जिथे ते हक्कानं ठेवता आलं असतं, तिथे १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर वाट बदलली. आमच्या अकाउंट्समधली एकजण मला एकदा म्हणाली होती, "आमच्याकडे सुजाता आहे, यशोधरा आहे, प्रज्ञा तर दोन आहेत. जोहार घालणाऱ्यांची नावं आजीनं परत घरात येऊ दिली नाहीत." चिडून नाही, डबा खाता खाता म्हणाली. मला तिचं पटलं. माझं नाव मला त्या दिवशी फार पोरकं वाटलं, पण तिचं पटलं.

अण्णा पंढरपूरला गेले की आधी महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचे. चोखोबांना जिथून आत जाऊ दिलं नाही तिथेच ती आहे, देऊळ सगळ्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं, हे सगळं ते दर खेपेला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. सोयराचे अभंग त्यांना पाठ. मला लहानपणी एका गोष्टीचा फार राग यायचा. तुका म्हणे, नामा म्हणे, आणि हिच्या अभंगाच्या शेवटी काय, तर 'म्हणे चोखियाची महारी'. नवऱ्याचं नाव आहे, जात आहे. सोयरा कुठाय? मी अण्णांना विचारलं होतं, की जिनं स्वतःचं नाव स्वतःच्या अभंगात घातलं नाही तिचं मला कशाला दिलंत? ते पानाला चुना लावत राहिले. "म्हणूनच," म्हणाले. तेव्हा मला ते उत्तर वाटलं नव्हतं. आज थोडंथोडं वाटतंय. जास्त विचारायचं राहून गेलं. असो.

'देहासी विटाळ म्हणती सकळ' असं सरळ विचारणारी बाई ती. विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, असा तिचा रोकडा सवाल आहे, आणि विचारतेय कुणाला तर थेट पांडुरंगाला. इकडे आमच्या घरात सध्या सोयर आहे म्हणून आई देवाला हात लावत नाही, दिवा शेजारच्या काकू लावून जातात. सोयर आणि सोयरा. कुणाच्याच लक्षात आलं नाही, मीही बोलले नाही. बोलले असते तर आईनं माझ्याकडे त्या नजरेनं बघितलं असतं.

तिच्या बाळंतपणाची गोष्ट मात्र अण्णा फार रंगवून सांगायचे. सोयराचे दिवस भरलेले आणि चोखोबा घरात नाहीत, बहिणीकडे गेलेले, निर्मळेकडे. घरी ही एकटी. मग दारात निर्मळा उभी. पाणी तापवलं, सुईणपण केलं, बाळाला न्हाऊ घातलं, बाळंतिणीला खाऊ घातलं. चोखोबा परत आल्यावर कळलं की निर्मळा तर तिच्या घरीच होती, हा विठोबा नणंद होऊन आला होता. अण्णा इथे डोळे पुसायचे. मला लहानपणी फक्त एवढीच काळजी, की विठोबाला नऊवारी नेसता आली कशी.

आता ही नणंद म्हणजे बाळाची कोण लागली? आत्याच की! अख्ख्या पंढरीचा राजा वेश घ्यायचा म्हटला तर त्यानं आई घेतली नाही, आजी घेतली नाही, आत्या घेतली. आणि त्या पोराचं नाव कर्ममेळा ठेवलं. कर्ममेळा! यादीत टाकून बघू का उद्या ग्रुपवर? वहिनीच्या आईंना लाडू ठसकेल.

जरा हलकं वाटतंय. रागही त्यांच्यावर नव्हताच बहुतेक. बाई मनानं चांगल्या आहेत, डिंकाचा डबा मलाही भरून दिलाय. बारशाला कुठली साडी, हे अजून ठरलं नाही. हिरवा शालू नको. जिन्यात पोरं असतील.

आत्ताच भावाचा मेसेज आला. बारशाचं निमंत्रण बनवलंय त्यानं, गुलाबी ढग, पाळणा, खाली 'तुमची लाडकी सायराआत्या'. "ताई, झोपलीस का? फायनल करू ना? सगळ्यांना पाठवायचंय." नाही करायचं म्हटलं. "अगं, एका अक्षराचा फरक आहे," म्हणतो. मी म्हटलं, सोयाबीनमधला 'सो' घे आणि आत्ताच्या आत्ता बदल. नाहीतर कुर्र करायला दुसरी आत्या बघ. टाइप करतोय, थांबतोय, परत टाइप करतोय.