आधी जबड्याला विचारा

"टेन्शन आहे का काही?" हा प्रश्न पेशंटला विचारणं मी कधीच सोडून दिलंय. उत्तर ठरलेलं असतं. "नाही हो डॉक्टर, तसं काही नाही, सगळं व्यवस्थित चाललंय." सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. पण मी दातांची डॉक्टर आहे. पुढचं मला त्याने तोंड उघडल्यावर दिसतं.

सुळ्यांची टोकं घासून सपाट झालेली असतात. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे उमटलेले असतात. गालाच्या आतून, वरखालचे दात जिथे मिटतात त्या उंचीवर, एक आडवी पांढरी रेघ असते. एखाद्या दाढेत भरलेल्या सिमेंटच्या कडेने केसाएवढी चीर गेलेली असते. यातली एकेकटी खूण फारसं काही सांगत नाही, ती रेघ तर धडधाकट माणसांच्या गालातही सापडते. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या की मात्र मी आरसा खाली ठेवते आणि जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या जरा खाली, दोन बोटं टेकवते. "दात घट्ट दाबा." बोटांखाली स्नायूचा गोळा टणकन वर येतो. "आता सोडा." सोडल्यावर मी तिथे हलकेच दाबते, आणि बरेचजण "आई गं" करून डोकं मागे घेतात. तिथे दुखतंय हे त्यांना तोवर माहीतच नसतं.

मग मी माझे प्रश्न विचारते. सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो का? कानशिलं ठणकतात का? गाडी चालवताना, मेसेज टाइप करताना दात एकमेकांवर टेकलेले असतात का? या प्रश्नांची उत्तरं लोक अगदी नेमकी देतात. "हो ना, ऑफिसचा फोन आला की टेकतात." "रविवारी संध्याकाळी जास्त होतं." मनाबद्दल विचारलं की माणूस सावध होतो, शरीराबद्दल विचारलं की सरळ बोलतो. इतकी वर्षं या खुर्चीशेजारी उभं राहून माझी ही खात्रीच झाली आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. झोपेत दात खाण्याला दर वेळी ताणच कारणीभूत असतो असं नाही. झोपेत श्वास अडकणं, नैराश्यावरची काही औषधं, दारू, सिगारेट, उशिरापर्यंत घेतलेली कॉफी यांचाही त्यात हात असतो. म्हणून घोरणाऱ्या माणसाला मी आधी झोपेची तपासणी करून घ्यायला सांगते. दिवसा, जागेपणी दात आवळून धरणं मात्र ताणाशी जास्त घट्ट जोडलेलं आहे, आणि सुदैवाने तेच आपल्या हातात येण्यासारखं असतं.

शरीर असं का करतं? धोका जाणवला की किडनीच्या वर असलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, श्वास वरवरचा होतो, तोंडाला कोरड पडते, स्नायू आवळतात. लढा नाहीतर पळा, ही तयारी वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच वर्णन करून ठेवली. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि ते शिगेला पोहोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे भांडण मिटलं, मीटिंग संपली, तरी शरीराच्या हिशेबात ती अजून चालूच असते. लगेच जेवायला बसलो आणि घास उतरत नाही, त्याचं कारण हे.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांचं काम. 1936 साली त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अति श्रम, विषारी द्रव्यं असे वेगवेगळे त्रास दिले, तरी शरीरात होणारे बदल तेच दिसले: अ‍ॅड्रेनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ही ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. त्यांनी तीन टप्पे सांगितले. आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, शेवटी थकून कोसळणं. माझ्या अनुभवात खुर्चीवर येणारी बहुतेक माणसं मधल्या टप्प्यात असतात. तग धरून असतात, म्हणून तर "सगळं व्यवस्थित आहे" म्हणतात. हा टप्पा वर्षानुवर्षं चालू शकतो, आणि बाहेरून तो कर्तबगारीसारखाच दिसतो. जबाबदाऱ्या पार पडत असतात, कुणाची तक्रार नसते. झिजत असतं ते आतलं. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण ते एकदा झिजलं की पुन्हा तयार होत नाही.

आमच्याच क्षेत्रातला एक प्रयोग मी पेशंटना आवर्जून सांगते. 1998 साली प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. तीच माणसं, तीच जखम. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. मी स्वतः परीक्षांच्या काळात तोंड आलेलं असताना अभ्यास केलेला आहे, त्यामुळे या प्रयोगाचं मला नवल वाटलं नाही, पण तो मनातून जातही नाही. "मनावर घेऊ नकोस" म्हणणाऱ्याला हे दाखवावंसं वाटतं. मनावर घेतलं काय, न घेतलं काय, शरीर घेतंच.

तर करायचं काय? खरं तर वरचे आणि खालचे दात चावताना आणि गिळतानाच एकमेकांना लागायला हवेत. दिवसभराचा हा सगळा वेळ जोडला तर अर्धा तासही भरत नाही. उरलेला सगळा वेळ ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे अलगद टेकलेलं. आत्ता वाचताना बघा तुमचे दात कुठे आहेत.

दिवसभर लक्ष ठेवा असं मी कुणालाही सांगत नाही, तो नवा ताण होतो. एखाद्या ठरावीक गोष्टीला ही तपासणी बांधून टाकायची: फोन वाजला की, लाल सिग्नल लागला की, कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला की. दात टेकलेले सापडले, तर जबडा सैल सोडायचा आणि नाकाने लांब श्वास बाहेर टाकायचा. घेण्यापेक्षा सोडणं लांबलचक हवं. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या नसेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, हे कुणालाही स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पाहता येतं. मिनिटाला सहाएक श्वास, पाच मिनिटं. रूट कॅनाल करताना मी नकळत श्वास रोखून धरते, खांदे कानाला लागतात. म्हणून दोन पेशंटच्या मधे हात धुताना मी हेच करते.

स्नायू मुद्दाम ताणून सैल सोडायची एडमंड जेकबसन यांची पद्धतही चांगली आहे. मुठी, खांदे, कपाळ यांच्यासाठी जरूर करा. जबड्यासाठी मात्र मी ती देत नाही. ज्याच्या दाढेला चीर आहे त्याला "दात जोरात दाबा" असं पुन्हा पुन्हा सांगायला माझं मन धजत नाही. तिथे कोमट शेक बरा.

रात्री अंथरुणात उद्याची कामं डोक्यात फिरतात त्यांच्यासाठी: 2018च्या एका अभ्यासात 57 तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. पुढच्या कामांची यादी करणारे, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर. "बँक" एवढंच न लिहिता "बँकेत जाऊन केवायसीचा फॉर्म देणे" असं लिहायचं.

नाइट गार्डबद्दल, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या कव्हरबद्दल, रोज विचारतात. ते दातांचं झिजणं वाचवतं, आवळणं थांबवतंच असं नाही. एका ताईंना मी ते करून दिलं, आणि काही महिन्यांत त्यावरही खोल खड्डे पडले. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्या एकट्या बघत होत्या. "करायलाच हवं ना," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना एक कागद दिला आणि दात आवळलेले सापडतील तेव्हाची वेळ लिहून आणायला सांगितलं. त्यावर पहाटे अडीच आणि संध्याकाळी सात या वेळा सगळ्यात जास्त होत्या. अडीचला सासूबाईंची कूस बदलायची असते आणि सातला आंघोळ-कपडे. तो कागद त्यांनी घरी नवऱ्यापुढे आणि नणंदेपुढे ठेवला. मी दमलेय हे त्यांना आजवर कधी म्हणता आलं नव्हतं, वेळा मात्र दाखवता आल्या. आता पहाटेचं नवरा बघतो, आणि शनिवार-रविवारी नणंद येते.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. जबडा दुखतोय आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा हातात कळ असेल, तर माझ्याकडे येऊ नका, ताबडतोब हॉस्पिटलमध्ये जा. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. आणि दोन आठवडे उलटूनही झोप नीट येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन जा. मी अशी चिठ्ठी लिहून देते तेव्हा काहीजण दुखावतात, "मी काय वेडा आहे का?" म्हणतात. दाढ दुखली म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, तसंच हे, असं सांगून मी चिठ्ठी हातात देते आणि पुढच्या वेळी आल्यावर गेला होतात का, हे विचारते.